‘मग पोलीस नकोत का?’ : सुरजागडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘गडचिरोलीकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकाने गडचिरोली जिल्ह्यातल्या, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीवरचा माझा लेख झोडपून काढला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पोलीस आले म्हणून रस्ता आला, खाण आली म्हणून पोरांना काम लागलं. मुंबईत बसून नाकं मुरडणारे शेवटी माओवाद्यांचंच काम करतात.

नमस्कार. आधी शेवटच्या आरोपाचं बघू. माओवाद्यांनी ‘खबरी’ ठरवून मारले ते बहुतेक आदिवासीच. २०१३ साली त्यांनी खाण कंपनीच्या अधिकाऱ्याला मारलं, डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची सत्तर-ऐंशी वाहनं जाळली. यातलं काहीही कुठल्या ग्रामसभेला विचारून झालं नव्हतं. त्यांची वकिली मी करत नाही.

पण तुम्ही पोलीस, रस्ता आणि खाण यांची एकच मोळी बांधली आहे आणि माझं भांडण त्या मोळीशीच आहे. एटापल्ली तालुक्यातल्याच तोडगट्टा गावाचं उदाहरण घ्या. मार्च २०२३ पासून माडिया आदिवासी तिथे आंदोलनासाठी झोपड्या घालून बसले होते. दमकोंडवाही भागातल्या प्रस्तावित खाणी रद्द करा, ही मुख्य मागणी. रस्त्यालाही विरोध होता हे तुम्ही सांगाल. होता, पण खनिजाच्या ट्रकांसाठी होणाऱ्या रस्त्याला. नोव्हेंबरात जवळच वांगेतुरीला पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. ते एका दिवसात उभारल्याचं पोलिसांनीच अभिमानाने सांगितलं. त्याच सुमारास आंदोलकांची धरपकड झाली, झोपड्या मोडल्या. आता तिथल्या माणसाने हे केंद्र माओवाद्यांपासून आपलं रक्षण करायला आलंय की खाणीची वाट मोकळी करायला, हे कशावरून ओळखायचं?

खाणीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी घ्यायच्या जनसुनावणीचंही तेच. सुरजागडची ३४८ हेक्टरची लीज २००७ सालची. उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचं ठरलं, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुनावणी घेतली ती गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. एटापल्लीहून शंभरावर किलोमीटर. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. सुरक्षेचं कारण असेल, मान्य. पण वांगेतुरीला रातोरात केंद्र उभं करू शकणाऱ्या सरकारला एटापल्लीत एक मांडव घालून दिवसभर बंदोबस्त देता आला नसता?

एक गोष्ट चळवळीतल्या मित्रांना आवडणार नाही. ‘पेसा’मुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेला खाण नाकारायचा पूर्ण अधिकार मिळतो, असं सभांमध्ये सांगितलं जातं. लोहखनिजाच्या बाबतीत ते तितकंसं खरं नाही. ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय लीज देता येत नाही ती वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांची. लोहखनिजासारख्या मोठ्या खनिजांबाबत खरा आधार आहे तो जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याचा. त्याच्याच बळावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. तिथेही पोलीस होते, माओवाद्यांचा बागुलबुवाही होता. तरी सभा गावातच झाल्या आणि बॉक्साइट अजून डोंगरातच आहे. वनहक्क कायद्याची ताकद आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे कितीतरी ग्रामसभा बांबू-तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. हाही रोजगारच आहे, पण तुमच्या हिशेबात तो दिसला नाही.

तुमचा भाचा खाण कंपनीत ड्रायव्हर आहे असं तुम्ही लिहिलंत, चांगलंच आहे. त्याची नोकरी जावी असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. पण सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. त्या यात्रेला जाणाऱ्यांचं म्हणणं तुमच्या भाच्याच्या पगारात धरलेलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह शरण आला, तोही गडचिरोलीतच. म्हणजे ‘आधी सुरक्षा, मग ग्रामसभा’ हे कारणही आता उरलं नाही. पुढची सुनावणी एटापल्लीत घ्या, अशी मागणी तुम्ही आणि मी मिळून करू शकतो. तुमच्या सहीचं पत्र असेल तर ते इथे जसंच्या तसं छापतो.