पवनचक्क्यांवर खापर फोडण्याआधी

शिकागोच्या वाचकमित्रा, टेक्सासच्या फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. उणे 10 चं एवढं काय कौतुक, आम्ही उणे 25 मध्ये पोरांना शाळेत सोडतो, हा एक. पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली आणि ते मी सोयीस्करपणे गाळलं, हा दुसरा.

पहिला अर्धा मान्य. शीर्षकातला ‘प्रलय’ काढतो. पण तुमचं घर थंडीसाठी बांधलेलं, आमची ह्यूस्टनची घरं उन्हाळ्यासाठी. पाण्याचे पाइप छपराखालच्या पोकळीतून जातात आणि बऱ्याच घरांत हीटर विजेवरच. वीज गेली, पाइप फुटले, आणि आमच्या देवघरावर छतातून धार लागली. सरकारी मोजणीप्रमाणे 246 माणसं गेली. त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश अंगातली ऊब गेल्यामुळे. काहींचा जीव घरात चालवलेल्या जनरेटरच्या धुरानं घेतला.

पवनचक्क्या गोठल्या, खरंय. पण हिवाळ्यात त्यांच्यावर फार भिस्त नव्हतीच. बंद पडलेल्या वीजसंचांपैकी 58 टक्के नैसर्गिक वायूवर चालणारे होते. विहिरीतून वायूबरोबर पाणीही येतं, ते तोंडाशीच गोठलं. त्यात गंमत (गंमतच म्हणायची!) अशी की वायू पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालत होते, आणि ‘यांची वीज तोडू नका’ अशी नोंद कुणी केलीच नव्हती. वायू नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून वायू नाही. एक अणुसंचसुद्धा पाण्याच्या दाबमापकाची नळी गोठून बंद पडला.

15 फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारता 60 हर्ट्झवरून 59.3 वर आली; मागणीपेक्षा वीज कमी पडली की ती घसरते. 59.4 च्या खाली ती 4 मिनिटं 23 सेकंद होती. 9 मिनिटं भरली असती तर उरलेली जनित्रंही आपोआप ग्रिडपासून तुटून बंद पडली असती. ते टाळायला 20,000 मेगावॅटपर्यंत भार तोडावा, म्हणजे तेवढ्या ग्राहकांची वीज बंद करावी लागली. आपल्याकडच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असायचं. इथे रुग्णालयांच्या वाहिन्या वगळल्यावर आळीपाळीनं फिरवायला फारसं काही उरलंच नाही, त्यामुळे अंधारातली घरं अंधारातच राहिली.

एल पासो शहरही टेक्सासातच. पण ते आमच्या टेक्सासच्या स्वतंत्र ग्रिडला नाही, पश्चिमेकडच्या राज्यांच्या ग्रिडला जोडलेलं, आणि 2011 च्या थंडीत हात पोळल्यावर तिथल्या वीज कंपनीनं आपली केंद्रं हिवाळ्यासाठी नीट करून घेतली होती. तिथे त्या आठवड्यात बहुतेक घरांत दिवे होते.