‘फोनो प्रीअँप लागतच नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

‘टर्नटेबलची वायर सरळ अँप्लिफायरच्या ऑक्सला जोडा, आवाज वाढवा, झालं! फोनो प्रीअँप म्हणजे नुसता खर्च’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धवट आहे. फोनो प्रीअँप म्हणजे टर्नटेबलचा (रेकॉर्ड प्लेअरचा) क्षीण सिग्नल अँप्लिफायरसाठी तयार करणारं सर्किट.

आवाज कमी येणं हा प्रश्नाचा एक भाग. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई असलेल्या भागातून, साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट मिळतात, ऑक्सला, म्हणजे अँप्लिफायरच्या साध्या इनपुटला, शेकडो लागतात. म्हणून 40 डेसिबल, म्हणजे शंभरपट वाढ हवी. पण खरी गोम पुढे आहे. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. 1954च्या सुमारास रूढ झालेला हा आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड कापण्याचं ठरलेलं प्रमाण) वाजवताना उलटा फिरवावा लागतो: 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढ, 20 किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट. हे काम प्रीअँप करतो. व्हॉल्यूम कितीही पिळा, तबला पत्र्यासारखाच वाजणार.

मेसेज खरा ठरतो तो एकाच परिस्थितीत: टर्नटेबलमध्ये प्रीअँप आधीच असेल तर. मागे ‘फोनो/लाइन’ बटण आहे का बघा. अँप्लिफायरला ‘फोनो’ इनपुट असेल (म्हणजे प्रीअँप त्याच्या आतच असेल) तरीही वेगळा घेऊ नका; दोन प्रीअँप एकामागे एक लागले की आवाज फाटतो.

नसेलच, तर एमएमसाठी 47 किलोओहम इनपुटचा साधा, स्वस्त डबा पुरतो. अर्थिंगचा स्क्रू मात्र हवाच, नाहीतर घुंईऽऽ ऐकत बसा. कमी आउटपुटच्या एमसीला (मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला) 60 डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे वाढ, लागतो, तिथे हा चालणार नाही.

तेव्हा तो जुना मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर गेला असेल, तिथे हा टाका.