‘गूळ-शेणानं फिनॉलचं पाणी सात दिवसांत शुद्ध’: हा मेसेज पुढं पाठवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘अरोमॅटिक म्हणजे सुगंधी रसायनं, त्यात विष कसलं? कारखान्याच्या पाण्यात गूळ-शेणाचं कल्चर सोडा, वर ब्लीचिंग पावडर टाका, सात दिवसांत पाणी नितळ. मग पातळ करून उसाला द्या.’ यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे.

‘सुगंधी’ नाही. अरोमॅटिक म्हणजे बेंझिनचं सहा कार्बनांचं कडं असलेला पदार्थ, आणि बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो. कारखान्याच्या पाण्यातलं फिनॉलही असंच कडं असलेलं. बेंझिन आणि प्रॉपिलीनपासून क्युमिन करतात, त्यात हवा फुंकून हायड्रोपेरॉक्साइड, ते आम्लानं फोडलं की फिनॉल. टनामागे सुमारे ६०० किलो अ‍ॅसिटोनही निघतं. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे कोअर (साच्यातले गाभे) बांधणारं फिनॉलिक रेझिन याच फिनॉलचं, त्यामुळं बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागात हे नाव नवीन नाही.

गूळ-शेण ही ती अर्धी खरी गोष्ट. ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) सुरू करताना शेण विरजणासारखं टाकतात, आणि फिनॉल खाणारे जिवाणू असतातच. पण त्यांना सवय लावावी लागते : लिटरला ५० मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवत. गूळ दिला की ते आधी गूळ खातात, फिनॉल तसंच राहतं. त्यांना कमी पडतो तो नत्र आणि स्फुरद, कारण फिनॉलमध्ये दोन्ही नाहीत. १०० किलो बीओडीला (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ५ किलो नत्र, १ किलो स्फुरद धरलं तर साधारण ५ किलो डीएपी आणि ९ किलो युरिया लागतो. सवय नसताना एकदम जास्त फिनॉल आलं की जिवाणू मरतात, आणि इथंच ऑपरेटर फसतो. टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन २ वरून ५-६ मिलिग्रॅमवर चढतो, टाकी सुधारली असं वाटतं. खरं तर ऑक्सिजन वापरणारं कोणी उरलेलं नसतं. टाकीतलं पाणी लिटरच्या मापनळीत भरून ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा : गाळावरचं पाणी गढूळ दिसेल.

‘नितळ म्हणजे शुद्ध’ हे तर उलटंच आहे. फिनॉलचं पाणी मुळातच रंगहीन असू शकतं. सामू ३ ला आणून हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, म्हणजे फेंटन पद्धत केली, की फिनॉल तुटताना पाणी आधी तपकिरी-काळं होतं. १ किलो फिनॉल पूर्ण जाळायला हिशेबानं ५० टक्क्यांचं १० किलो पेरॉक्साइड लागतं. म्हणून अर्ध्यावर थांबवून, चुन्यानं सामू वर आणून, उरलेलं पेरॉक्साइड मोडून पाणी जिवाणूंकडं देतात. पेरॉक्साइड राहिलं तर जिवाणू मरतात आणि सीओडीचा (घाण रसायनानं जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडाही खोटा वाढतो. फिनॉल शोषून घेणारा कार्बनचा कॉलम लावायचा असेल तर सामू ८ च्या खाली हवा. १० च्या पुढं फिनॉल क्षाररूपात, कार्बनला न चिकटता सटकतं.

ब्लीचिंग पावडर मात्र कृपा करून टाकू नका. क्लोरीन फिनॉलला चिकटून क्लोरोफिनॉल होतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅमनीही पाण्याला दवाखान्यासारखी चव येते, आणि त्यातले काही फिनॉलपेक्षा जास्त विषारी.

पातळ करून फिनॉल कमी होत नाही. लिटरला २०० मिलिग्रॅमच्या १०,००० लिटरच्या टँकरमध्ये २ किलो फिनॉल असतं. नाल्यात सोडायची मर्यादा १ मिलिग्रॅम. तिथवर यायला २० लाख लिटर पाणी, आणि पिण्याच्या पाण्याची ०.००१ ची मर्यादा गाठायला २०० कोटी लिटर. शिवाय फिनॉल करताना वापरलेलं आम्ल मारताना तयार झालेलं सोडियम सल्फेट जिवाणू खात नाहीत. ते पाणी काळ्या रानात वर्षानुवर्षं दिलं तर जमीन चोपण होते.

विहिरीचं किंवा नाल्याचं पाणी तपासायला देणार असाल तर काचेच्या गडद बाटलीत घ्या, लॅबकडून मागून घेतलेल्या सल्फ्युरिक आम्लानं सामू २ च्या खाली आणा, आणि बर्फात ठेवून न्या. नाहीतर बाटलीतले जिवाणू वाटेतच फिनॉल खातात आणि रिपोर्टात आकडा कमी येतो.