पाय टेकतात का, हा पहिला प्रश्नच नाही

उंची पाच फूट एक इंच, गिअरची गाडी नुकतीच हातात आलेली, आणि जीव अडकलाय गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी आणि जुन्या वळणाच्या मोटरसायकलमध्ये. अशा माणसाला आपल्याकडे सगळे एकच विचारतात, "पाय टेकतात का?" शोरूमवाला विचारतो, काका विचारतात, सिग्नलला शेजारी थांबलेले अनोळखी गृहस्थही विचारतात. दोन्ही टाचा जमिनीला लागत नाहीत म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "झेपायची नाही तुला, स्कूटर घे."

मी स्वतः याच उंचीची आहे, रॉयल एनफिल्डची हंटर चालवते, आणि गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला एका शोरूममध्ये हेच ऐकवलं गेलं म्हणून सविस्तर लिहितेय. तिच्याशी धड बोललेसुद्धा नाहीत, सगळं बोलणं तिच्या भावाशी. त्याला गाडी घ्यायचीच नव्हती.

आता आकडे बघा. अ‍ॅक्टिवाच्या सीटची उंची 764 मिलिमीटर. रॉयल एनफिल्डच्या मीटिअर 350 ची 765. फरक एका मिलिमीटरचा! स्प्लेंडर 785, हंटर 350 ची 790. माझ्याएवढ्या उंचीची किती तरी माणसं रोज पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून स्प्लेंडर हाणतात, त्यांना कुणी टाचा दाखवायला सांगत नाही. भारतातल्या बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपण 'कमी उंचीचे' वगैरे कुणी वेगळे नाही, या देशातले नेहमीचे गिऱ्हाईक आहोत.

खरा फरक वजनात आहे. स्प्लेंडर 112 किलो, हंटर 181, त्याच कंपनीच्या क्लासिक 350 आणि बुलेट 195. स्प्लेंडरपेक्षा हंटरची सीट जेमतेम पाच मिलिमीटर वर, पण वजन जवळजवळ सत्तर किलोंनी जास्त. चालत्या गाडीत हे वजन जाणवत नाही, उलट वाऱ्यात गाडी स्थिर वाटते. ते जाणवतं ते गाडी उभी असताना, आणि त्यातही ती तोल सोडून एका बाजूला कलायला लागल्यावर. थोडी कलली तर मांडीच्या जोरावर सावरता येते. एका हद्दीपलीकडे गेली की सहा फुटी माणसालाही सावरत नाही. म्हणून नवीन माणसाने विचारायचा प्रश्न हा, की उभी गाडी मला हलवता येते का?

हे शोरूममध्ये सीटवर बसून, आरशात बघून कळत नाही. आपल्या गल्ल्यांमधलं पार्किंग आठवा. गाडी फुटपाथकडे तोंड करून लावलेली, रस्ता गटाराकडे उतरता, दोन्ही बाजूंना हँडलला हँडल लागलेलं. आता ती मागे काढायची आहे. सीटवर बसून चवड्यांनी मागे रेटायला गेलात तर चवड्यात तेवढा जोरच नसतो, आणि पाय घसरला तर शेजारच्या दोन गाड्यांसकट खाली. इथे खाली उतरायचं. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, कंबर सीटला टेकवलेली, गाडी किंचित आपल्याकडे कललेली. मग हाताने नाही, कमरेने मागे ढकलायची. शोरूमच्या दारात उतार असतोच. तिथे हे करून बघा. जमलं, तर गाडी तुमची. नाही जमलं, तर 765 ची सीट असूनही ती गाडी तुम्हाला रोज छळणार.

दुसरी गोष्ट सीटच्या रुंदीची, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. माहितीपत्रकातली उंची सीटच्या मधोमध मोजलेली असते, आपला पाय मात्र सीटच्या कडेवरून खाली जातो. सीट पुढे रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच आखूड पडतो. क्लासिकची ऐसपैस सीट दोनशे किलोमीटरला सुखाची, पण सिग्नलला ती हंटरपेक्षा पंधरा मिलिमीटरच उंच आहे असं अजिबात वाटत नाही. हंटरची सीट पुढे निमुळती आहे, टाकीकडे सरकून बसलं की पाय सरळ खाली येतात.

आणि 'सगळ्यात बुटकी सीट म्हणजे सगळ्यात सोपी गाडी' हेही खरं नाही. रॉयल एनफिल्डने 2024 मध्ये गोवन क्लासिक 350 आणली. गोव्यात पूर्वी परदेशी पाहुणे बुलेटला उंच हँडल लावून फिरायचे, त्या ढंगाची. सीट फक्त 750 मिलिमीटर! दिसते अशी की नजर हटत नाही. पण वजन 197 किलो, पायटे (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे, हँडल वर. आखूड हातांच्या माणसाने तिच्यावर यू-टर्न घ्यायचा म्हटलं की हँडल पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात पुरत नाही, खांदा ओढला जातो. मीटिअरचे पायटेही पुढे आहेत, त्यामुळे खड्डा आला की पायांवर भार घेऊन कंबर उचलता येत नाही, सगळा दणका मणक्याला. टाचा टेकवायच्या नादात हे विकत घेऊ नका असं मी कळकळीने सांगेन. पाय दिवसातून काही मिनिटं टेकायचे असतात, हात मात्र पूर्ण वेळ हँडलवर असतात.

तेही दोन्ही पाय टेकायची गरज नसते. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा खाली. गाडी पुरती थांबायच्या आधीच पहिला गिअर टाकून ठेवायचा, म्हणजे डाव्या पायाला दुसरं काम राहत नाही. शेवटच्या हातभर अंतरात कंबर सीटवर जरा डावीकडे सरकवायची की अख्खा तळवा जमिनीवर येतो. दोन पायांचे चवडे अधांतरी टेकवण्यापेक्षा एक पूर्ण तळवा हजार पटींनी भक्कम. एक मात्र लक्षात ठेवा, आपला रस्ता कडेला डावीकडे उतरता असतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन आणखी खाली जाते. म्हणून अगदी कडेला, मातीत किंवा खडीत थांबायचं नाही. पुढे कुठे थांबणार हे आधीच बघून ठेवायचं. ही सवय पंधरा दिवसांत अंगात मुरते आणि मग उंचीचा विषय डोक्यातूनच जातो.

आता जुन्या वळणाचीच गाडी का? निव्वळ दिसण्यासाठी घेतली तरी माझी हरकत नाही, आवडणं हे पुरेसं कारण आहे. पण नवीन माणसाला या गाड्या खरंच सोयीच्या असतात. बसणं ताठ, हँडल रुंद, नजर लांबवर. आणि इंजिनचा जोर खालीच मिळतो. क्लासिक, हंटर, बुलेट, मीटिअर या सगळ्यांत तेच 349 सीसीचं इंजिन आहे, 27 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, तोही 4000 आरपीएमला, म्हणजे इंजिन फार न पळवता. क्लच हळू सोडला तर अ‍ॅक्सिलरेटर न देताही गाडी चालू लागते, चढावर पटकन बंद पडत नाही. नवीन माणसाची गाडी पडते ती बहुतेक वेळा वळताना इंजिन बंद पडल्यामुळे. म्हणून हा गुण मला सीटच्या दोन सेंटिमीटरपेक्षा फार मोलाचा वाटतो.

ट्रायम्फची स्पीड 400 सुद्धा छान आहे. आपल्या चाकणला बजाजकडे बनते, 2023 मध्ये आली तेव्हा वजन 170 किलो, सीट 790. पण तिची ताकद 40 पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि जोर वरच्या आरपीएमला. हात बसल्यावर जरूर घ्या. पहिली गाडी म्हणून मी थांबायला सांगेन.

हलकी हवी तर टीव्हीएस रोनिन, 160 किलोच्या आसपास, क्लच मऊ. त्याहून हलकी कावासाकीची डब्ल्यू 175, फक्त 135 किलो, मात्र हायवेवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. होंडाची हायनेस 181 किलो, सीट 800, क्लच अगदी लोण्यासारखा. लहान पंजाच्या माणसाने क्लच लिव्हरपर्यंत बोटं नीट पोचतात का हे बघायलाच हवं. हंटरलाही 2025 पासून हलका क्लच मिळालाय.

एवढं करूनही पाय थोडे कमी पडले तर सीटवाल्याकडे जा. प्रत्येक गावात असतो. माझ्या सीटवाल्याने आधी मला गाडीवर बसवलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला सीटवर खडूने रेघा मारल्या, मग कव्हर उचकटून करवतीच्या पात्याने फोम फक्त त्या कडांना तासला, वरून बोटभरच काढला. पुन्हा बसवलं, पुन्हा थोडा तासला. मग पातळ फोमची पट्टी चिकटवून कव्हर ताणून पिना मारल्या. पायात पडलेला फरक लगेच कळला. त्याला एकच सांगा: कडा घे, मधला भाग कमी काढ. वरचा फोम भरमसाट काढला तर तासाभरात खालचा पत्रा बुडाला लागतो. मूळ सीट राखून दुसरी जुनी सीट आणून ती कापून घेतली तर सगळ्यात उत्तम.

मागचे शॉकअप आखूड करून गाडी खाली करणारे भेटतील. नको. आपल्याकडचे स्पीडब्रेकर खाली सायलेन्सरला लागतात, गाडीचं वळणं बदलतं, आणि साइड स्टँडवर गाडी जवळजवळ उभीच राहते, जराशा धक्क्याने उजवीकडे आडवी. त्यापेक्षा जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घ्या. पायही सुरक्षित.

आणि गाडी पडलीच तर? पडते, सगळ्यांची. इंजिन बंद करा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवा, गिअरमध्ये असू द्या. गाडीकडे पाठ करून सीटला कंबर लावून बसा, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या कडीला, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान पावलांनी मागे रेटत उठा. हंटर अशी एकटीला उचलता येते.

भाचीसाठी आता हंटर आणि रोनिन या दोघींवर गाडी अडलीय, रविवारी दोन्हींची टेस्ट राइड आहे. यावेळी भाऊ घरी राहणार. पुण्यात कुणाला घेण्याआधी माझ्या गाडीवर बसून, ढकलून बघायचं असेल तर इनबॉक्स करा. हेल्मेट आपापलं आणा, आयएसआयचं.