मक्या, मंजिरी आणि एन लाइन

ह्युंदाईच्या आय२० एन लाइनची, म्हणजे आय२०च्या स्पोर्टी बहिणीची, टेस्ट ड्राइव्ह घेऊन मक्या कट्ट्यावर उगवला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की गाडी घेऊन झालीय, फक्त पैसे द्यायचे राहिलेत.

"ॲव्हरेज किती देते?" नंद्याने विचारलं. नंद्या विमानात बसला तरी आधी हेच विचारेल.

"अरे, एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस ताकद..."

"ते असू दे रे. देते किती?"

मक्याने त्याच्याकडे सपशेल दुर्लक्ष केलं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सस्पेन्शन साध्या आय२०पेक्षा कडक, स्टीअरिंगला वजन, मागे डबल सायलेन्सर, लाल शिलाई... गडी सुटलाच. त्यात जीएसटी २८ वरून १८वर आल्यापासून सरकारने ही सोय खास आपल्यासाठीच केलीय, असा त्याचा समज झालाय.

"चालवलीस कुठे?" मंजिरी.

सांगायला हवं की मंजिरीकडे फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय आहे. २०२२ साली पोलो बंद झाली तेव्हा तिने आठवडाभर सुतकी चेहरा केला होता. या विषयात आम्ही तिच्यापुढे जपून बोलतो.

"शोरूमपासून चांदणी चौक आणि परत."

"शनिवारी संध्याकाळी? म्हणजे ब्रेकची टेस्ट घेतलीस. गिअर कसे पडतात?"

मक्या जरा चाचरला. "ऑटोमॅटिक होती. मॅन्युअल टेस्टला नव्हती त्यांच्याकडे."

"आणि घ्यायचीय कुठली?"

"मॅन्युअल."

"थोरलीला बघून आलास आणि धाकटीला होकार कळवतोयस!"

इथे चहा सांडला. माझाच.

"पण एकदा रस्ता मोकळा मिळाला ना," मक्या आता पेटला होता, "उतारावर. पाय दाबला, क्षणभर काहीच नाही. मग आरपीएमचा काटा दोन हजारांच्या वर गेला आणि पाठ सीटला चिकटली! मागे सेल्सचा पोरगा बसलेला. 'सर, पुढून यू टर्न' म्हणत होता. 'सर' म्हणून झालं आणि त्याने वरचं हँडल धरलं. 'यू टर्न' म्हणेपर्यंत यू टर्न मागे गेलेला."

"स्पीड ब्रेकरवर?"

"लागतो थोडा."

"थोडा म्हणजे आईंना मागे बसवता येईल इतका, की नाही इतका?"

मक्या गप्प. ही संधी साधून नंद्या म्हणाला, "टाटाची अल्ट्रोझ रेसर आली तेव्हाच मी म्हटलं होतं, घे. आपल्या पुण्यातली गाडी, तिलाही १२० पीएसच." त्याच्या तोंडून इतकं मुद्देसूद वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. पण लगेच पुढे, "सीएनजी बसवता आला असता का रे तिला?"

"पुण्यातल्या गाडीचं नावच काढू नकोस," मंजिरी मक्याकडे वळली. "२०१५ला फियाटची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत होती. १४५ घोडे, रांजणगावात बनायची, नाकावर विंचवाचा लोगो! तू काय केलंस? 'फियाटचं काही खरं नाही' म्हणून बाबांना पुढे केलंस आणि डिझायर घेतलीस."

"ती नंद्याने घ्यायला लावली!"

"अजून बावीस देते," नंद्या तृप्त आवाजात म्हणाला.

"ऐक," मंजिरी म्हणाली, "गाडी तुला आवडलीय, तर घे. पण डिस्क ब्रेक, जीएसटी, रिसेल असे साक्षीदार कशाला उभे करतोस? वहिनीला सरळ सांग, मला मजा येते म्हणून हवीय. ते सांगायला लाज वाटत असेल तर साधी आय२० घे, पैसे वाचतील."

मला हे शंभर टक्के पटलं. ५३ लाखांची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आली आणि पहिल्या दीडशे गाड्या हातोहात गेल्या, त्या घेणाऱ्यांनी रिसेलचा विचार केला असेल असं मला तरी वाटत नाही.

"आणि मॅन्युअल घरी मागव," तिचं चालूच होतं. "तुमच्या गल्लीतल्या त्या बेकायदा ब्रेकरवरून आईंना मागे बसवून ने. पार्किंगच्या रॅम्पवर मध्येच थांबवून परत उचल. पहिल्या गिअरमध्ये कंटाळा आला तर रोज येईल."

"आईंना बसवलं तर ॲव्हरेज पडेल," नंद्या.

"ॲव्हरेज!" मक्या उसळला. "महाबळेश्वरला मी एसी लावला, ॲव्हरेज पडलं, म्हणून फरकाचे साठ रुपये घेतलेस तू माझ्याकडून! माझ्याच गाडीत!"

"घाटात एसी कोण लावतं?"

"वही काढली होती याने वाईला!" मंजिरी हसून हसून कठड्याला टेकली. चहावालाही हसायला लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

एन लाइनचं राहिलंच. नंद्याने शेवटी मोबाइल काढला आणि तोंड वाकडं करत साठ रुपये पाठवले. मक्या आता त्यावर व्याज मागतोय.