दाजी, गाडी बोरामणीला काय करतीय?

आमचा जुना पिकअप क्लचप्लेटसाठी गॅरेजला पडलाय आणि मिस्त्री उद्या देतो म्हणतोय. टॉवेलचा माल तयार, पार्टीचे फोनवर फोन, म्हणून मेहुण्याचा नवा डबल केबिन पिकअप मागून आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, मेहुणा हे वाचणार आहे. किल्ली देताना त्यानं एवढंच सांगितलं, दाजी, सीटवरचं प्लास्टिक काढू नका. गाडी घेऊन वर्ष होत आलंय. प्लास्टिक तसंच.

आता ही गाडी दिसायला दांडगी. रस्त्यानं गेली की पोरं मोबाईल काढतात, चढायला पायरी, आत शिरलं की समोर टीव्हीएवढा स्क्रीन. पण मागं गेलात तर हौदा किती, तर जेमतेम पाच फूट. सोलापुरात अक्कलकोट रोडला कारखान्यावर पोरं गाठी घेऊन उभी आणि मी हौद्याकडं बघतोय. बंगला बांधून मागं मोरी काढावी तसा तो हौदा. बरं, 2005 ला टाटानं छोटा हत्ती काढला तो 702 सीसीचा, दोन सिलिंडर, 16 हॉर्सपॉवर, म्हणजे आत्ताच्या बऱ्याच बाईकीत जास्त ताकद असते, पण त्याचा हौदा सात फुटाचा! बोलेरो मॅक्सचा हौदा तर 10 फुटांपर्यंत मिळतो. आणि ही, किंमत सांगितली तर बायको म्हणेल माझ्या भावावर जळता, हिच्यात पाच फूट. गाडी जेवढी महाग तेवढा हौदा आखूड हे गणित कुठल्या साहेबानं मांडलं देव जाणे.

शेवटी उरलेले डाग मागच्या सीटवर कोंबले, एक पुढं माझ्या शेजारी. निघालो तर टूं टूं टूं. शेजारच्या गाठीनं सीटबेल्ट लावला नव्हता. सीटखाली वजन कळणारा सेन्सर असतो, त्याला वजन कळतं, माणूस आहे का टॉवेल ते कळत नाही. गाडी थांबवून गाठीला बेल्ट लावला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं आत वाकून बघितलं, गाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता मान हलवली. बोलला असता तर परवडलं असतं.

ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पोचलो तर पुढं गाड्यांची लाईन. मे महिना, बाहेर 43 डिग्री, म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत बसलो. थोड्या वेळानं डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, मग इंग्लिशमध्ये काहीतरी मोठी ओळ आली, आणि लाईन पुढं सरकली तेव्हा अॅक्सिलरेटर दाबला तर गाडी नुसती सुस्कारा टाकतीय, उचलायचं नावच नाही. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. आधी गाणं लागलं, मग एक बाई, मग परत गाणं, मग एक पोरगा आला.

"सर, डीपीएफ फुल झालाय. गाडी हायवेला घ्या, साठच्या वर ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं नाही."

"अहो, माल भरलाय. पुढं दोन गाड्या राहिल्यात, उतरवतो की आधी."

"सर, आत्ताच घ्या. लेव्हल अजून वाढली तर टो करून आणावी लागेल, ते वॉरंटीत येत नाही."

म्हणजे दारात आलेला माल घेऊन मी कुठंतरी फिरून यायचं. का? तर गाडीला बरं वाटत नाही.

ही भानगड काय ती सांगतो, कारण मलाही त्या पोरानंच सांगितली. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस सिक्स नियम आला, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी बसली, तोच हा डीपीएफ. धुरातली काजळी ती अडवते. जाळी भरली की ती काजळी आतच जाळून टाकायची, त्याला साधारण सहाशे डिग्रीची उष्णता लागते, आणि तेवढी उष्णता यायला गाडी सलग पळवावी लागते. आता सोलापुरात मालाची गाडी सलग कुठं पळणार? कारखाना ते गोडाऊन, गोडाऊन ते मार्केट यार्ड, मधे सात रस्त्याला अडका, मधे एखादी म्हैस. जाळी भरणारच. धूर कमी झाला हे चांगलंच आहे, आमच्या जुन्या पिकअपच्या मागं स्कूटीवर जाणारा माणूस घरी पोचेपर्यंत दुसऱ्याच रंगाचा व्हायचा, ते मी नाकारत नाही. पण मालाची गाडी बनवणाऱ्यानं ती माल घेऊन हळू आणि थांबत थांबत चालते एवढं तरी बघायचं का नाही?

मी गाडी लाईनीतनं बाहेर काढतोय तोवर दार उघडून इरण्णा आत. इरण्णा म्हणजे तिथला जुना हमाल, साठी कधीच उलटली असेल, अजून पाठीवर गाठ घेतो. त्यानं पुढच्या गाठीचा बेल्ट काढला, गाठ मागं ढकलली, स्वतः बसला आणि बेल्ट लावला.

"तुम्ही कुठं निघाला?"

"माल हाय की मालक. गेटवर आला म्हंजे आमच्या ताब्यात आला. एकट्याला कसं सोडायचं?"

बोरामणी नाक्यावरनं हैदराबाद रोडला लागलो. गाडी कण्हत कण्हत वेग घेत होती आणि इरण्णानं एसीच्या जाळीपुढं आधी एक पंजा धरला, मग दुसरा, मग टोपी काढून डोकंच तिथं नेलं. बराच वेळ तसाच. मग मागं टेकून म्हणाला, "आत्ता कळलं बे, साहेब लोकांची डोकी थंड का असत्यात."

मी त्याला काजळीचं सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे गाडी गाठोडं घिऊन फिराया न्यायची, तिचं पोट मोकळं हुस्तोवर."

"तसंच."

"आमच्या आज्याला डॉक्टरनं हेच सांगितलंतं."

तेवढ्यात स्टिअरिंगवरचं कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि गाडीतली बाई इंग्लिशमध्ये बोलली. इरण्णा सावरून बसला.

"काय म्हणलालीय ती?"

"हुकूम सांगा म्हणतीय."

"मग सांगा की! काजळी काढ म्हणावं." आणि मी काही बोलायच्या आत तोच स्क्रीनकडं वाकून ओरडला, "ए बाई! काजळी! काजळी काढ!"

बाई म्हणाली, कॉलिंग काजल.

माझा फोन ब्लूटूथला जोडलेला. काजलताई म्हणजे पंढरपूरच्या, दुकान आहे, माझे टॉवेलचे पैसे दिवाळीपासून अडकलेत आणि माझा फोन त्या उचलत नाहीत. काय झालं होतं कुणास ठाऊक, पहिल्या रिंगला उचलला. सहा स्पीकरातनं आवाज आला, "हां भाऊ, बोला." मी गार. काय बोलणार, गाडीनं लावला म्हणून सांगू? पण इरण्णाला वाटलं बाई अजून गाडीतलीच आहे, तो भक्कम आवाजात म्हणाला, "बाई, लई दिवस झाले, आता काढ बघू भायेर. आमी हायवेला लागलाव. काढल्याबिगार काय माघारी जात न्हाई."

पलीकडं एकदम शांत. मग काजलताई म्हणाल्या, "भाऊ, माणूस कशाला पाठवताय, सोमवारी टाकते ना मी." फोन बंद.

इरण्णा म्हणाला, "बघा. मराठीबी येतंय तिला."

सोमवार होऊन गेला. पैसे आले नाहीत ते सोडा.

पुढं मुळेगाव गेल्यावर मी जरा बोलायला लागलो, कारण रस्ता रिकामा होता आणि राग भरपूर. म्हटलं, इरण्णा, अमेरिकेत तर याहून वेड लागलंय. तिथं एक पिकअप आलाय, 2019 च्या मॉडेलपासून, त्याचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, सहा प्रकारे उघडतो. सहा! त्याची पायरी होते, टेबल होतं, काय काय होतं. आपला फाळका दोन प्रकारे चालतो, उघडतो आणि कडी निसटली की पायावर पडतो. दुसऱ्या एका पिकअपची पुढची सीट पार आडवी होते, झोपायला. माझा भाचा तिकडं आहे, त्याच्याकडं असलाच एक, फोटो पाठवतो, हौद्यात काय तर दुधाचे कॅन आणि पालक. आणि आता 2025 ला तिथं स्लेट नावाच्या कंपनीनं विजेवरचा पिकअप जाहीर केलाय, त्याची जाहिरात काय, तर स्क्रीन नाही, रेडिओ नाही, काचा हातानं फिरवायच्या, वरनं रंगसुद्धा नाही! अहो आमच्या जुन्या पिकअपला हे सगळं नाहीच आहे, रंग होता तोपण गेला. आपण काय वाईट केलंतं? साधी गाडी, साधा माल, मिस्त्रीनं बारा-तेराचा पाना फिरवला की चालू.

मला वाटलं हा माणूस हो म्हणेल. आयुष्यभर फाळके उघडलेत त्यानं. इरण्णानं टोपी परत घातली.

"मालक, एक सांगू का. जुनी गाडी चांगली, जुनी गाडी चांगली म्हणलालाय, तर जुन्या गाडीत तुमी बसताय व्हय? ड्रायव्हर बसतोय. तुमी मागनं स्कूटीवर येताय, बिल्टी करायला."

मी म्हटलं, तसं नाही, कधी कधी बसतो.

"माझा पुतण्या हैदराबाद लाईनला हाय. केबिनात इंजिनची धग अशी येती की पायाची कातडी निघती. त्येनं एसी मागितला की शेठ म्हणतोय ट्रक काय फिराया घेतलाय का. आन ज्याला खरंच फिरायचंय, तुमच्या मेव्हण्याला, त्याला मातर एसी."

हे मला आवडलं नाही. म्हणजे पटलं, पण ज्याला फुकट एसीत बसवून फिरवतोय त्यानं हे म्हणायचं काय कारण होतं? तसं बघायला गेलं तर साडेतीन टनाच्या वरच्या ट्रकांना 1 ऑक्टोबर 2025 पासून केबिनला एसी सक्तीचा झालाय, म्हणजे त्या तारखेनंतर बनणाऱ्या गाड्यांना, पुतण्याच्या गाडीला नाही. आणि मी एसीच्या विरोधात कधी होतो? एसी द्या, सीट मऊ द्या, ड्रायव्हरला पाणी थंड करायचा डबा द्या. माझं म्हणणं एवढंच की दिवा लागल्यावर मला बॉनेट उघडून काहीतरी करता यायला पाहिजे. पूर्वी गाडी बंद पडली की चार लोक जमायचे, एक म्हणायचा नोझल, एक म्हणायचा हवा धरली, एक नुसता टायरला लाथ मारायचा, पण गाडी चालू व्हायची. आता बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव, की विषय संपला. लॅपटॉपवाला पोरगा येणार, तो वायर जोडणार, आणि एरर कोडची प्रिंट हातात देऊन बिल लावणार. सोळा लूम चालवणारा माणूस मी, बिघडलेला माग आवाजावरनं ओळखतो, आणि माझ्याच बुडाखालच्या गाडीत काय चाललंय ते मला फोनवर गाणं ऐकून विचारायला लागतंय. ह्याला लक्झरी म्हणायचं!

बोरामणी गावाजवळ दिवा गेला. इरण्णानं दोन्ही हात जोडले. आणि फोन वाजला. मेहुणा.

"दाजी, गाडी बोरामणीला काय करतीय?"

त्याच्या मोबाईलमध्ये अॅप आहे. गाडी कुठं आहे, किती वेगानं चाललीय, डिझेल किती, सगळं त्याला ऑफिसात बसून दिसतं. मी सांगितलं काजळी. तो म्हणाला, बरं बरं, पण दाजी, दोनदा ब्रेक जोरात मारलाय तुम्ही, आणि तुमचा ड्रायव्हिंग स्कोअर 61 आलाय, माझा 90 च्या खाली कधी जात नाही. 61! चंद्रभागेच्या पुलावरनं रिव्हर्समध्ये उसाची ट्रॉली काढलेला माणूस आहे मी. शेजारनं इरण्णा मोठ्यानं म्हणाला, "त्येंना सांगा, बाई लई हुशार हाय." मेहुण्यानं विचारलं, कोण बाई? मी फोन ठेवला.

परत आलो तर गोडाऊनचं अर्धं शटर खाली. क्लार्क म्हणाला, बिल्टी उद्या. मेहुण्याला गाडी रात्री रिसेप्शनला न्यायची होती, म्हणून माल तिथंच ओट्यावर उतरवून ताडपत्री टाकायची ठरली. इरण्णानं एकट्यानं सगळे डाग उतरवले, सीटवरचं प्लास्टिक जरासुद्धा न फाडता, ते मानलं पाहिजे. मग हिशोबाला उभा राहिला. उतरवायची हमाली, आणि वर वेटिंगचे शंभर.

"वेटिंग? इरण्णा, तुम्ही एसीत बसला होता की!"

"बसलो की. पण माझ्या कामाला न्हाई मालक, तुमच्या कामाला बसलो."

दिले शंभर. आता मेहुणा डिझेलचे मागतोय, त्याचा अॅप लिटरमध्ये आकडा दाखवतोय म्हणे. त्याला इरण्णाचा नंबर देणार आहे.