खाद्यातलं तेल आणि पोटातली चरबी

नमस्कार. ‘तेल घातलं की एफसीआर कागदावर छान दिसतो, पण पक्षी कापला की पोटातून चरबीचा गोळा निघतो आणि खर्च पोल्ट्रीवाल्याच्या माथी,’ असं तुम्ही लिहिलंय. (एफसीआर म्हणजे एक किलो वजन वाढायला लागलेलं खाद्य; आकडा जितका कमी तितका चांगला.) रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. गोळा निघतो हे खरं आहे, पण त्याचा दोष मी तेलाला देणार नाही.

ब्रॉयलर बऱ्याच अंशी ऊर्जेची गरज भागेपर्यंत खातो. तेल वाढलं की त्याचं खाणं थोडं घटतं, आणि त्यासोबत लायसिन, मेथिओनिन ही प्रथिनं बनवणारी अमिनो आम्लंही पोटात कमी जातात. मांस धरायला प्रथिन अपुरं, ऊर्जा मात्र शिल्लक. मग ती चरबी होऊन साठते. तयार खाद्यावर नुसतं वरून तेल ओतलं, अमिनो आम्लं त्या प्रमाणात वाढवली नाहीत, तर तुम्ही म्हणता तेच होणार.

नुसत्या एफसीआरवर भुलू नये, हे मलाही पटतं. खाद्यातली ऊर्जा वाढवली की तो सुधारतोच. बघायचा तो एक किलो जिवंत वजनामागचा खाद्यखर्च. समजा, तेलामुळे खाद्य 4 टक्के महागलं. एफसीआर 1.65 वरून 1.60 वर आला तरी तोटाच; 1.55 वर आला तर चार पैसे सुटतात. मक्यात किलोला साधारण 3,350 किलोकॅलरी, सोयातेलात 8,800 च्या आसपास, म्हणजे अडीच पटींहून थोडी जास्त. तेलाचा भाव मक्याच्या चार-पाच पट असेल, तर निव्वळ ऊर्जेसाठी ते घेऊ नका.

तरीही मी तेल सुचवतो ते उकाड्यासाठी. पक्षी चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकतात, खाद्याची भांडी भरलेली राहतात. तेल पचताना स्टार्च किंवा प्रथिनापेक्षा अंगात उष्णता कमी तयार होते, आणि थोड्या खाण्यातही ऊर्जा पुरेशी जाते. त्या दिवसांत वजन टिकलं, तर तेलाचे पैसे निघतात.

पहिल्या आठवड्यात मात्र हात आखडता घ्या. पिल्लाचा पित्तरस आणि लायपेज (चरबी पचवणारं विकर) तेव्हा अपुरं असतं; टॅलो (गुरांची चरबी) किंवा पामसारखी घट्ट चरबी बरीचशी विष्ठेतून निघून जाते. सोयातेल त्या मानाने बरं पचतं. आणि डबा उघडल्यावर खवट वास आला, तर ते तेल स्वस्त मिळालं तरी परत करा. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं.

तुमच्या बॅचला कुठलं तेल, किती टक्के आणि कुठल्या वयात दिलं होतं? लायसिन वाढवलं होतं का? तेवढं कळवा, म्हणजे त्या बॅचचा हिशोब नीट मांडता येईल.